मायभूमीची तबकडी आणि वादकांची मजुरी

व्याख्यानमालेच्या चालकांनी या वर्षी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. मोंढ्यातील हमाली, माथाडी कायदा, जिनिंगमध्ये सरकी वेचणाऱ्या बायांची मजुरी, यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, असे त्यांना वाटले असावे. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आम्ही कळवले, 'मायभूमी आणि वाद्यवृंद'. चालकांपैकी एक सद्गृहस्थ घरी आले आणि जरा संकोचून म्हणाले, "भाऊ, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झाली नव्हती. हा विषयही मजुरीचाच आहे, हे आज आम्हांला सांगायचे आहे. ते पटले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा सरकीवर बोलू.

आरंभी एक योगायोग सांगतो. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केली. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी प्राग शहरात बेड्रिख स्मेटाना या संगीतकाराची 'व्लटावा' नावाची रचना प्रथम वाजली. व्लटावा ही त्यांच्या देशातील नदी. चेक लोक तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, आपण इंग्रजांच्या. एकाच वसंतात आपल्याकडची माणसे शब्दांतून देश समजून घेऊ लागली आणि तिकडची सुरांतून. पुढे स्मेटानांनी अशा सहा रचनांची माळ पुरी केली आणि तिला 'मा व्लास्ट', म्हणजे 'माझी मायभूमी', असे नाव दिले.

या मायभूमीची गाठ आम्हांला मुंबईच्या फूटपाथवर पडली. कामगार परिषदेसाठी गेलो होतो. फोर्टमध्ये जुन्या कॅसेटींच्या ढिगात ती दहा रुपयांना मिळाली. आम्ही शाळा सातवीत सोडलेली. संगीताचे शिक्षण शून्य. पण परभणीस परत येताना रात्रभर गाडीत मनात एकच प्रश्न घोळत होता : यात एकही शब्द नाही, गाणारा नाही, मग ही त्या माणसाची मायभूमी आहे हे ऐकणाऱ्यास कळते कसे? त्या प्रश्नाच्या मागे लागून पुढे जे वाचले, ऐकले आणि जाणकारांस विचारले, तेवढीच आमची या विषयातली पुंजी.

गठाण आणि वाद्यवृंद

वाद्यवृंद म्हणजे काय, हे मोंढ्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. दाबलेल्या रुईची एक गठाण सुमारे १७० किलोची असते. चार हमाल ती उचलतात. एकजण आवाज देतो, आणि त्या आवाजावर चारही पाठी एका क्षणी वर येतात. कोणी अर्धा क्षण आधी उठला तर दुसऱ्याचा मणका जातो. वाद्यवृंदात अशी ऐंशी ते शंभर माणसे असतात. निम्म्याहून अधिक तंतुवाद्यांची, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास. मग फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी घराण्यातील सुषिर वाद्ये. मग हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन ही पितळी. आणि मागे नगारे व झांजा. आवाज देण्याचे काम हातात काठी घेऊन उभा असलेला संचालक करतो.

प्रत्येक वादकासमोर एक कागद असतो. त्यावर फक्त त्याच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. सगळ्यांचे सगळे स्वर एकाखाली एक मांडलेले पुस्तक संचालकाजवळ असते. म्हणजे शंभर माणसे आपापला तुकडा वाजवतात आणि पुरी इमारत फक्त कानाला दिसते. येथे लिहिता-वाचता येणे ही चैन राहत नाही. त्याशिवाय कामच उभे राहत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे प्रयोजन आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला पहिल्याच वेळी खटकली. पितळी वाद्यवाला कित्येकदा दोनशे मात्रा गप्प बसून मोजत असतो आणि मग चार मात्रा वाजवतो. त्याची मजुरी धरताना त्या दोनशे मात्रा धरायच्या की नाहीत? आम्ही म्हणतो, धरायच्या. ट्रकची वाट पाहत मोंढ्यात बसलेल्या हमालाचा प्रश्न हाच आहे.

नदी सुरांत कशी उतरते

आता 'व्लटावा'कडे वळू. आरंभी दोन फ्लूट एकमेकींच्या मागे धावत लहान लहान स्वर घेतात. हा नदीचा पहिला झरा. मग क्लॅरिनेट येतात, तो दुसरा. दोन्ही झरे एक झाले की तंतुवाद्यांवर नदीची मुख्य चाल सुरू होते. वाटेत शिकारीचे रान लागते. तेथे हॉर्न वाजतात, कारण त्या मुलखात शिकारी हेच वाद्य फुंकीत. मग काठावरच्या गावात लग्न चालले आहे. तेथे पोल्का या नाचाचा ठेका येतो. मग चांदण्यातील संथ पाणी, मग खडकांवरून कोसळणारा प्रवाह, आणि शेवटी प्रागजवळचा विशेहराड हा जुना गड. गडाजवळ नदी येते तेव्हा माळेतल्या पहिल्या रचनेतील गडाची सुरावट पुन्हा ऐकू येते. ज्याने पहिली रचना ऐकली आहे, त्याला कोणी न सांगता कळते की गड आला.

संगीतात 'नदी' या अर्थाचा शब्द नाही. पण तीन सोयी आहेत. पहिली, हालचाल : झरा धावतो तसे स्वर धावतात. दुसरी, ओळखीचा ठेका : पोल्का ऐकला की चेक माणसाला लग्न आठवते. तिसरी, स्मरण : एकदा ऐकलेली चाल परत आली की तिच्याबरोबर तिचे ठिकाणही परत येते. या तिन्ही सोयी आपल्यालाही ठाऊक आहेत. रात्री लांबून संबळ ऐकू आला की कोणाकडे तरी गोंधळ आहे हे शब्दांवाचून कळते. हलगीचा ठेका ऐकून दवंडी आहे, मिरवणूक आहे की अंत्ययात्रा आहे, हे गावचे पोरही सांगते. स्मेटानांनी असे ओळखीचे खुणेचे ठेके उचलले आणि शंभर माणसांच्या हाती दिले.

परंतु मायभूमी म्हटली की लोक लगेच शुद्धतेच्या गोष्टी बोलू लागतात. त्यांच्यासाठी तीन वस्तुस्थिती सांगतो. एक : स्मेटानांचे शिक्षण जर्मन भाषेत झाले होते, चेक भाषेचा नीट अभ्यास त्यांनी मोठेपणी केला. आपल्या मराठवाड्यात निजामी अमलात मुलांना शाळेत उर्दूतून शिकावे लागे. आमच्या वडिलांच्या चार इयत्ता तशाच झाल्या, आणि मराठी वाचायला ते पोथीवरून शिकले. त्यामुळे प्रौढपणी स्वतःची भाषा मिळवणाऱ्या माणसाविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते. दोन : व्लटावाच्या मुख्य चालीशी जवळचे नाते सांगणारी चाल इटलीत त्यापूर्वी दोन-अडीचशे वर्षे गायली जात होती, आणि इस्रायलच्या राष्ट्रगीताची चालही त्याच घराण्यातली आहे. मायभूमीची चालसुद्धा परमुलखातून चालत आलेली असू शकते. ती कोणत्या काठावर नांदली हे महत्त्वाचे. तीन : १८७४ च्या शरद ऋतूत स्मेटाना पूर्ण बहिरे झाले. 'व्लटावा' त्यानंतर लिहिली गेली. नदीचा आवाज त्यांनी कागदावर ऐकला. कागद नसता तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

तबकडीच्या मागे संप

आता आमच्या धंद्याची गोष्ट. ही मायभूमी एका माणसाने १८७९ पर्यंत लिहून पुरी केली. सहाही रचना एकत्र १८८२ साली वाजल्या. १८८४ च्या १२ मे रोजी स्मेटाना वारले. ती जगली कोणामुळे? वाजवणाऱ्यांमुळे. आणि वाजवणारे जगले कशामुळे? संघटनेमुळे.

प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहातील वादकांनी १८९४ साली 'चेक फिलहार्मोनिक' या नावाने जी संस्था नोंदवली, तिच्या हेतूंत संगीताची उन्नती होती आणि सोबत वादक, त्यांच्या विधवा व अनाथ मुले यांच्या निवृत्तिवेतनाची सोयही होती. या नावाने पहिला कार्यक्रम १८९६ च्या ४ जानेवारीस झाला. संचालन ड्वोरझाक या थोर संगीतकाराने केले. पुढे १९०१ साली नाट्यगृहातील वादकांचा संप झाला, आणि त्यानंतर चेक फिलहार्मोनिक हा नाट्यगृहापासून अलग, स्वतःच्या पायावर उभा असलेला वाद्यवृंद झाला. याच वाद्यवृंदाने व्हाक्लाव टालिख यांच्या संचालनाखाली १९२९ साली 'मा व्लास्ट'च्या सहाही रचना प्रथमच तबकड्यांवर उतरवल्या. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटे मावत आणि हे संगीत सव्वा तासाच्या आसपासचे. म्हणजे अख्खी मायभूमी तुकड्यातुकड्यांनी कापून, बाजू उलटून उलटून ऐकावी लागे. तरी लोकांनी ती ऐकली.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पेन्शन आधी, संप नंतर, आणि मग मायभूमीची तबकडी. देशप्रेमाच्या भाषणांत हा क्रम कोणी सांगत नाही.

पुढचेही सांगितले पाहिजे. १९४६ पासून प्रागमध्ये वसंतोत्सव भरतो; तो स्मेटानांच्या पुण्यतिथीस, १२ मे रोजी, परंपरेने याच संगीताने उघडतो. राफाएल कुबेलिक हे त्या वाद्यवृंदाचे संचालक १९४८ साली देश सोडून गेले. कामगारांच्या नावाने चालणारी राजवट तेथे आली होती आणि त्या राजवटीत राहणे त्यांना मान्य नव्हते. आम्ही लाल झेंड्याखाली वाढलेली माणसे. ही गोष्ट आम्हांला सुखाची नाही, म्हणूनच ती लपवत नाही. ती राजवट गेल्यावर, ४२ वर्षांनी, १९९० च्या वसंतोत्सवात कुबेलिक परत आले आणि त्यांनी 'मा व्लास्ट'चे संचालन केले. तेच कागद, तीच नदी.

माजोर्ड्याचा माणूस

श्रोते आता विचारतील, हे सगळे प्रागचे झाले. आपल्याकडे असे कोणी केले काय? केले. त्याचे नाव तुम्हां सर्वांना पाठ आहे, फक्त तो खरा माणूस होता हे ठाऊक नाही.

'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट १९७७ साली आला. गंगाखेडला तंबू टॉकीजमध्ये मातीत बसून आम्ही तो पाहिला. भल्या मोठ्या अंड्यातून टोपीवाला नायक बाहेर येतो आणि आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे गाऊन सांगतो. आम्ही पोरे आठ दिवस ते नाव ओरडत हिंडलो. पंचवीस वर्षांनी एका गोमंतकीय सहकाऱ्याने सांगितले की, त्या गाण्याचे संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंस केलेले ते वंदन आहे. आम्हांला लाज वाटली. एवढे वर्ष आम्ही ज्याला विनोद समजत होतो, तो एका वादकाचा सत्कार होता.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली दक्षिण गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तेथे 'मेस्त' म्हणजे संगीतगुरू मुलांना स्वरलिपी वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवत. या शाळांचा हेतू प्रार्थनेपुरता होता; परिणाम फार मोठा झाला. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोमंतकीय माणसाजवळ स्वर वाचण्याची विद्या होती. हिंदुस्थानी संगीत कानाने आणि गुरुमुखाने चालते. त्याच्या खोलीविषयी प्रश्नच नाही. पण पन्नास माणसांनी आज सकाळी प्रथम पाहिलेले गाणे दुपारी एकसंध वाजवायचे, तर कागद वाचणारा लागतो. बोलपटांना असा माणूस हवा होता.

गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते संगीत-संयोजक झाले. संगीतकाराने गुणगुणलेली चाल घ्यायची, ती लिहायची, कोणत्या वाद्याने काय वाजवावे हे ठरवायचे, प्रत्येकाचा कागद तयार करायचा, हे संयोजकाचे काम. सेबास्तियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही अशीच गोमंतकीय मंडळी. तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, कवीचे आणि संगीतकाराचे असे. व्हायोलिन वाजवणाऱ्या वीस माणसांचे नसे, आणि बहुधा संयोजकाचेही नसे. या वादकांनीही आपली संघटना बांधली; सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांच्या श्रेणी आणि दर लावून घेतले. दराचा प्रश्न पुष्कळसा सुटला. नावाचा राहिला.

सारंगाची अडचण

गोन्साल्विस यांना एवढ्यावर समाधान नव्हते. आपल्या देशाचे राग आणि आपल्या हातातील विद्या यांचा मेळ घालून पूर्ण वाद्यवृंदासाठी रचना कराव्यात, असे त्यांच्या मनात होते. हिंदुस्थानी संगीताचा त्यांनी अभ्यास केला. १९५८ साली त्यांनी भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम केला. शंभराहून अधिक वादक होते. एकल गायनास लता मंगेशकर आणि मन्ना डे. दिवसा चित्रपटासाठी वाजवणारे हात त्या संध्याकाळी मायभूमीसाठी वाजवत होते. त्यांच्या रचनांपैकी 'सोनाटिना इंडियाना' आणि सारंग रागातील काँचेर्टो ही नावे सांगता येतात.

सारंग रागात शंभर वाद्ये वाजवणे किती अवघड, ते थोडे फोडून सांगतो. आमच्या गावच्या एका पेटीमास्तरांनी पेटीवर दाखवले तेव्हा आम्हांला ते समजले. आपले संगीत एका धाग्याचे आहे. एका वेळी एक स्वर, आणि त्याची पुढच्या स्वराकडे जाण्याची वाट. पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच क्षणी निरनिराळी वाद्ये निरनिराळे स्वर घेतात, आणि त्या एकत्र वाजणाऱ्या स्वरांची इमारत तीन मुख्य खांबांवर उभी असते. सा, ग, प हा पहिला खांब. म, ध, सा हा दुसरा. प, नी, रे हा तिसरा. या तीन खांबांवर तिकडची निम्मी गाणी तोलता येतात.

आता ज्याला आपण नुसता सारंग म्हणतो तो वृंदावनी सारंग घ्या. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य. ग गेला की पहिला खांब पडला. ध गेला की दुसरा पडला. उरला एकच, प-नी-रे. जो बेफिकीरपणे मागे सा-ग-प वाजवील त्याने सारंग मारला. कारण ऐकणाऱ्याच्या कानात तो नको असलेला गंधार गेलाच. मग संयोजकाने करावे काय? सारंगाच्या घरात जे आहे त्यातूनच नवे खांब घडवावेत. आणि येथे एक सुंदर गोष्ट हाती लागते. सारंगात चढताना निषाद शुद्ध आणि उतरताना कोमल. त्यामुळे तो उरलेला एक खांब दोन रंगांत मिळतो : शुद्ध निषादाने उजळ, कोमल निषादाने मवाळ. मास्तरांनी दोन्ही वाजवून दाखवले. बाहेर दुपारचे बारा वाजले होते, चैत्राचे ऊन होते, आणि सारंग तर दुपारचाच राग. रस्त्यावर डांबर मऊ झाले होते. त्या वेळी आम्हांला पटले की मायभूमी रागात असते ती अशी : तिच्यात काय आहे याइतकीच, तिच्यात काय चालत नाही यावरून ती ओळखली जाते. पाहुण्याने घरात यावे, पण उंबरठा ओळखून यावे.

मायभूमीसाठी वाद्यवृंदाचा दुसराही मार्ग आपल्याकडे झाला. १९५२ साली दिल्लीस आकाशवाणीचे वाद्यवृंद पंडित रविशंकर यांच्या संचालनाखाली सुरू झाले. तेथे सतार, सरोद, बासरी, सारंगी ही आपलीच वाद्ये अधिक. दोन्ही वाटा प्रामाणिक होत्या. पण एका वाटेमागे आकाशवाणीचा पगार होता, आणि दुसरीमागे एका माणसाची जिद्द.

हिशेब

गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेस, न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात गेले. चित्रपटाचे काम सुटले. पुढे ते गोव्यास परतले आणि माजोर्ड्यास राहिले. तेथून जवळच २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. १९५८ च्या त्या चौकातून प्रागसारखी परंपरा उभी राहिली नाही. सारंगाचा काँचेर्टो दर वसंतात वाजत नाही.

दोष कोणाला द्यावा? आम्ही दोष देण्याआधी हिशेब मांडतो. तीस वर्षांची सवय आहे. शंभर वादकांचा कार्यक्रम म्हणजे शंभर माणसांची त्या संध्याकाळची मजुरी, आणि त्याआधीच्या दहा तालमींची मजुरी. ती भरणार कोण? चित्रपटाच्या गाण्याचे पैसे तिकीटबारी देते. देवळातल्या कीर्तनाचे पैसे गाव देते. वाद्यवृंदाचे पैसे जगात कोठेही तिकिटांनी पुरे पडत नाहीत. ते राज्य देते, शहर देते, अथवा संस्था देते. प्रागच्या वादकांजवळ संघटना आणि पेन्शनफंड होता, त्यांच्या पाठीशी एक शहर होते. आपल्या वादकांची संघटना दराचे भांडण भांडली, ते योग्यच होते. परंतु आपण जे वाजवतो ते जपून ठेवणे हेही संघटनेचे काम आहे, ही जाणीव आपल्या चळवळीत कोठेच नव्हती. आमच्याही नव्हती. पुढे १९९० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या यंत्रवाद्यांनी एका माणसाकडून पन्नास व्हायोलिनांचे काम करून घेतले आणि मुंबईच्या स्टुडिओंतील ती फौज घरी बसली. २००६ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिंफनी वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यात परदेशांतून पुष्कळ वादक आणावे लागले. जी विद्या पन्नास वर्षे दिवसमजुरीवर राबवली, ती पुढच्या पिढीत उतरली नाही, यात नवल काय?

परण्याची चाल

शेवटी घरची गोष्ट. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बँडवाल्यांत वाद झाला. क्लॅरिनेट वाजवणारा एक वृद्ध वादक लग्नसराईत आजारी पडला आणि मालकाने त्याची ठरलेली रक्कम कापली. आम्ही मध्ये पडलो. मालक म्हणाला, "भाऊ, तुमचा काय संबंध? हे कलाकार आहेत, मजूर नव्हेत." वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. वादकांनीही माना डोलावल्या. कलाकार म्हणवून घेण्याचा मान त्यांना मजुरीहून मोठा वाटला, आणि त्या मानाची किंमत त्या वृद्धाच्या औषधाएवढी होती.

त्या वाद्यवाल्याजवळ एक चाल होती. नवरदेवाचा परण्या मारुतीकडे निघाला की देवळाच्या पारापाशी तो कोणतेही सिनेमाचे गाणे थांबवून स्वतःची म्हणून एक चाल वाजवी. पंचक्रोशीत लोक त्या चालीवरून ओळखत की परण्या पारापाशी पोहोचला. वर सांगितलेला प्रागचा गड आठवा. तीच युक्ती, कोणी न शिकवलेली. तो वृद्ध वारला. ती चाल कोणी लिहिली नाही, कोणी टेपही केली नाही. आम्ही पन्नास लग्नांत ती ऐकली असेल. आज आरंभाचे चार स्वर सोडता ती आम्हांलाही आठवत नाही. आम्ही त्याची रक्कम मिळवून दिली, आणि त्याची चाल घालवली. तेव्हा आम्हांला वाटले होते की आमचे काम पुरे झाले.

गोदावरी आपल्या जिल्ह्यातून वाहते. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. दळताना गाणे हीच ज्यांची विद्या, अशा बायकांच्या पिढ्या या काठावर झाल्या. या नदीची 'व्लटावा' कोणी लिहील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण जो लिहील त्याला दोन झरे, एक ठेका आणि एक आठवण लागेल, आणि ती आपल्याकडूनच मिळावी लागेल.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. पूर्वी टेपरेकॉर्डर मोंढ्यात एकाकडे असे; आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनी धरून ठेवणारे यंत्र आहे. घरात जात्यावरच्या ओव्या जाणणारी आजी असेल तर या उन्हाळ्यात तिच्यापाशी बसा, ती गाते ते धरून ठेवा, आणि आरंभी तिचे नाव, गाव आणि साल स्पष्ट बोला. लग्नात बँड ठरवाल तेव्हा वाजवणाऱ्यांची नावे विचारा आणि मंडपात ती एकदा मोठ्याने सांगा. याला खर्च नाही. आणि परण्या थांबला म्हणून वादक उन्हात तासभर वाट पाहत उभे राहिले, तर त्या तासाचेही पैसे द्या. गप्प बसून मोजलेल्या दोनशे मात्रा तुम्ही आता विसरणार नाही, अशी आमची खात्री आहे.

पुढच्या वर्षी चालकांनी बोलावले, तर सरकीवर बोलू.